सौंसरच्या दगडातली हवा

जामसांवलीच्या निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूरकडून येणारा भाविक ज्या मुलखातून जातो, तिथे दोन फार वेगळ्या वयांचे खडक शेजारीशेजारी नांदतात. एक जुना, अभ्रकाने चकाकणारा, मधूनमधून संगमरवराचे आणि मँगनीजचे पट्टे असलेला. भूशास्त्राच्या पुस्तकांत त्याला ‘सौंसर समूह’ म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी लुइस ली फर्मर या इंग्रज भूशास्त्रज्ञाने मध्य भारतातल्या मँगनीजच्या खाणी पिंजून काढल्या आणि इथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ असं नाव दिलं. दुसरा खडक या जुन्यावर ओतला गेलेला. पांढुर्ण्याकडे कपाशी आणि संत्र्याच्या बागा ज्या काळ्या मातीवर उभ्या आहेत, ती माती त्याच्याच झिजेतून झाली. तो म्हणजे दख्खनचा काळा बेसाल्ट. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या दोन्ही काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर भिरकावतात ते गोटेही बहुतेक याच जातीचे.

हा काळा दगड केव्हा ओतला गेला, हे ठरवायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षं लागली. त्यातली शेवटची पन्नास-साठ वर्षं खरी झुंज दगडाशी नव्हती. ती प्रयोगशाळेतल्या हवेशी, पंपाच्या तेलाशी आणि यंत्राच्या आतल्या भिंतींना चिकटून बसलेल्या वायूशी होती.

आरंभ नागपुरात झाला. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला पोचले. धर्मप्रचार, शाळा आणि उरल्या वेळात दगड हा त्यांचा क्रम. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर फिरताना त्यांना नागपूरजवळच्या टाकळीच्या टेकडीवर लाव्हाच्या दोन थरांमध्ये चिणलेला एक पातळ थर सापडला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी, फळं, बिया आणि कीटकांचे अवशेष होते. लाव्हाचा एक लोट निवाला, त्यावर तळं साचलं, झाडं वाढली, मग पुढचा लोट आला आणि सगळं झाकलं गेलं. दोघांनी १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात लेख छापून हा थर ‘इओसीन’ काळातला असल्याचं मत मांडलं. म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर बऱ्याच काळाने. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेले. वाद मात्र मागे राहिला, कारण पुढे कित्येकांनी हाच लाव्हा डायनोसॉरच्या काळात, म्हणजे ‘क्रेटेशस’मध्ये नेऊन ठेवला.

विसाव्या शतकात हा वाद छिंदवाडा जिल्ह्यात शिरला. बनारसला काम करणाऱ्या के. पी. रोडे यांनी मोहगाव कलान इथल्या गारगोटीसारख्या कठीण चर्टमधून वनस्पतींची फळं काढली. लखनौचे बीरबल साहनी यांनी त्या मालावर अनेक वर्षं काम केलं. एका जलनेच्याला त्यांनी रोड्यांवरून ‘रोडाइटिस’ असं नाव दिलं, तर एका चमत्कारिक फळाचं नाव ठेवलं ‘एनिग्मोकार्पॉन’. १९४३ मध्ये साहनी आणि एच. एस. राव यांनी सौंसरच्या आसपासच्या चर्टमधल्या वनस्पतींवर एक स्वतंत्र प्रबंध छापला. या मातीतल्या दगडांत निपा या ताडाची फळं मिळतात. निपा आज खाडीकाठच्या मचूळ पाण्यात वाढतो आणि लंडनच्या इओसीन मातीत त्याची फळं ढिगाने सापडतात. साहनींनी १९३४ मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये थेट प्रश्न विचारला होता की दख्खनचा लाव्हा क्रेटेशस की त्यानंतरचा? त्यांचं उत्तर हिस्लॉपच्या बाजूने होतं.

जीवाश्म एवढंच सांगू शकतात की हा थर अमक्या थरासारखा दिसतो. आकडा सांगायला घड्याळ लागतं. ते घड्याळ दगडातच होतं, पण वाचायचं यंत्र अजून तयार व्हायचं होतं.

१९४८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ऑल्ड्रिच आणि आल्फ्रेड नीअर यांनी दाखवून दिलं की पोटॅशियम असलेल्या जुन्या खनिजांत आर्गॉन-४० हा वायू साठत जातो. पोटॅशियम-४० किरणोत्सर्गी आहे आणि त्याचं अर्धआयुष्य सुमारे १२५ कोटी वर्षं. त्याचे साधारण दहा टक्के अणू फुटून आर्गॉन-४० होतात. लाव्हा वितळलेला असताना वायू निसटून जातो, घट्ट झाला की अडकतो. म्हणजे निवल्या क्षणापासून दगडात आर्गॉन जमू लागतो. जमलेला आर्गॉन आणि शिल्लक पोटॅशियम मोजलं की वय निघतं. अणूंना विद्युतभार देऊन, चुंबकाने वाकवून, वजनानुसार वेगळं मोजणारं यंत्र म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर. त्यासाठी नीअर यांचा हात जगात सगळ्यात कसलेला होता.

अडचण एकच, पण मोठी. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात ०.९३ टक्के आर्गॉन आहे आणि त्यातलाही बहुतेक सगळा आर्गॉन-४०च. दगडाच्या भेगांत, कणांच्या पृष्ठभागावर, काचेच्या नळीच्या आतल्या अंगाला हवा चिकटलेली असते. दगड तापवला की ती सगळी एकत्र बाहेर येते. यंत्राला अमुक अणू सहा कोटी वर्षं जुना आणि तमुक काल खिडकीतून आलेला, असा फरक कळत नाही.

यावर उपाय नीअर यांच्याच मोजणीतून निघाला. हवेत आर्गॉन-३६ही थोडा असतो आणि हवेतल्या ४० व ३६ यांचं प्रमाण त्यांनी १९५० मध्ये २९५.५ असं मोजलं. दगडातल्या पोटॅशियमपासून ३६ तयार होत नाही. तेव्हा जेवढा ३६ दिसेल त्याच्या २९५.५ पट आर्गॉन-४० हवेचा, तो वजा करायचा, उरेल तो दगडाचा. संत्र्याच्या किंवा कापसाच्या बाजारात माल बारदानासकट तोलतात आणि मग बारदानाचं वजन वजा करतात, तसंच हे. फरक एवढाच की इथे बारदान मालापेक्षा कैक पट जड असू शकतं.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम फार कमी, बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्याही आत. त्यामुळे साठलेला आर्गॉनही कमी. समजा एखाद्या नमुन्यातला ९० टक्के आर्गॉन-४० हवेचा आहे. ती हवा मोजण्यात फक्त एक टक्का चूक झाली, तर दगडाच्या वाट्याच्या आर्गॉनमध्ये नऊ टक्के चूक येते. साडेसहा कोटींच्या वयात नऊ टक्के म्हणजे जवळजवळ साठ लाख वर्षं. माणसाचा सगळा इतिहास त्यात कुठल्या कुठे हरवून जाईल.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले रामा यांनी दख्खनच्या काही नमुन्यांची पोटॅशियम-आर्गॉन वयं १९६४ मध्ये मांडली. १९७० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वेलमन आणि मॅकेलहिनी यांचा लेख ‘नेचर’मध्ये आला. पुढच्या दहा-बारा वर्षांत वयांचा ढीग जमला, पण जुळणी होईना. कुठे तीन-चार कोटी, कुठे आठ कोटींच्याही वर. काही दगड पावसापाण्याने कुजलेले होते, त्यांनी साठवलेला आर्गॉन सोडून दिला होता आणि वरून हवा शोषली होती. काहींत उलट जुना आर्गॉन जादा अडकला होता. पण एक कारण दगडाबाहेरचंही होतं, यंत्रातलं.

थोडं थांबून प्रयोगशाळेत जाऊ, कारण सगळी मेख तिथे आहे.

मास स्पेक्ट्रोमीटरच्या पोलादी नळीतली हवा पंपाने काढतात. उत्तम निर्वातातही काहीतरी उरतंच. पंपाच्या तेलाची वाफ, बोटांचा स्निग्धपणा, सांध्यांवरचं ग्रीस, मागच्या नमुन्याचे भिंतीत रुतलेले अणू. वजन ३६ या जागी आर्गॉन-३६ हवा असतो. पण तेलातल्या कार्बनचे तीन अणू एकत्र आले तर तेही ३६ वजनाचे. हायड्रोजन आणि क्लोरीन-३५ जोडले तर तेही ३६. हा तोतया ३६ हवेचा समजून २९५.५ पटीने वजाबाकी केली, तर दगडाचा खरा आर्गॉनही कापला जातो आणि दगड आहे त्यापेक्षा तरुण ठरतो.

तोतया ओळखायचा कसा? ३८ वजनाच्या जागी पाहायचं. हवेतल्या आर्गॉनमध्ये ३६ आणि ३८ यांचं प्रमाण सुमारे ५.३ ला १ असतं. क्लोरीनच्या जोडीचं सुमारे तीनाला एक. ३६ सोबत ३८ जास्त डोकावला, तर हवा गळत नाही, क्लोरीन आहे. उलट ४० आणि ३६ दोन्ही हवेच्या प्रमाणात वाढत चालले, तर कुठेतरी बारीक गळती आहे. मग सांध्यासांध्यावर हीलियमचा फवारा मारत जायचं आणि यंत्र वजन ४ वर लावून ठेवायचं. जिथे काटा उडी मारेल तिथे भोक. तेलाचा उपद्रव असेल तर सगळी नळी रात्रभर तापवत ठेवायची. प्रयोगशाळेत याला ‘बेक करणं’ म्हणतात. हायड्रोजन, नायट्रोजन, कार्बन यांचे वायू पकडायला टायटॅनियमसारखे धातू तापवून ठेवतात. आर्गॉन कुणाशीच संयोग पावत नसल्याने तेवढा सुटून पुढे जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नमुना न घालताच यंत्र चालवायचं. रिकामी मूस, तीच तापमानं, तोच वेळ. याला ‘ब्लँक’ म्हणतात. या कामातला दिवसाचा मोठा भाग रिकामं यंत्र मोजण्यात जातो आणि बाहेरच्या माणसाला तो आळस वाटतो. माझ्या मते दख्खनच्या वयाच्या इतिहासात जी जी पुढची पायरी आली, ती दगड नीट मोजणाऱ्यांपेक्षा रिकामेपण नीट मोजणाऱ्यांनी चढवली.

हा धडा आर्गॉनवाल्यांआधी शिशाचं काम करणाऱ्याने शिकवला होता. क्लेअर पॅटरसन यांनी १९४८ च्या सुमारास शिकागोत झिरकॉन खनिजातलं शिसं मोजायला घेतलं. मोजणी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त येत राहिली. शोधता शोधता कळलं की शिसं दगडात नव्हतं, ते खोलीत होतं. धुळीत, आम्लांत, भांड्यांत, माणसाच्या केसांत. पुढे कॅल्टेकमध्ये त्यांनी गाळलेल्या हवेची खोली उभारली, रसायनं पुन्हापुन्हा शुद्ध केली आणि १९५६ मध्ये पृथ्वीचं वय सुमारे ४५५ कोटी वर्षं असल्याचं छापलं. मग प्रश्न उलटा फिरला. एवढं शिसं जगात आलं कुठून? उत्तरात शिसेयुक्त पेट्रोल होतं. १९६५ पासून पॅटरसन त्याविरुद्ध लढले. भारतात शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं ते २००० साली. एका प्रयोगशाळेतल्या नको असलेल्या आकड्याचा इतका लांब परिणाम विज्ञानात क्वचितच सापडतो.

१९८० मध्ये वयाच्या प्रश्नाला एकाएकी धार आली. लुइस आणि वॉल्टर आल्व्हारेझ या पितापुत्रांनी फ्रँक असारो व हेलन मिशेल यांच्याबरोबर जाहीर केलं की क्रेटेशस संपताना मोठा उल्कापात झाला आणि डायनोसॉर त्यात संपले. पुरावा इटलीतल्या मातीच्या एका बोटभर थरातलं इरिडियम. त्याआधी त्यांना त्याच मातीत प्लुटोनियम-२४४ मिळालं होतं. ते खरं असतं तर शेजारी तारा फुटल्याचा पुरावा ठरलं असतं. त्यांनी नवा नमुना घेऊन पुन्हा पाहिलं, काहीच नव्हतं. प्लुटोनियम प्रयोगशाळेतूनच शिरलं होतं. जाहीर करण्याआधी पुन्हा मोजायचा संयम त्यांनी दाखवला म्हणून ती गोष्ट आज किस्सा म्हणून सांगता येते.

आता सगळ्यांना दख्खनचं वय हवं झालं. डायनोसॉर संपले तेव्हाच इथे लाव्हा वाहत असेल, तर गुन्हेगार एक की दोन?

तोवर पद्धतही बदलली होती. जुन्या रीतीत पोटॅशियम एका तुकड्यात मोजायचं आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात. १९६६ मध्ये मेरिह्यू आणि टर्नर यांनी आर्गॉन-आर्गॉन पद्धत मांडली. नमुना अणुभट्टीत ठेवला की न्यूट्रॉनमुळे पोटॅशियमचा काही भाग आर्गॉन-३९ होतो. मग एकाच तुकड्यातून एकाच यंत्रावर सगळं मोजता येतं. शिवाय नमुना टप्प्याटप्प्याने तापवता येतो. कमी तापमानाला भेगांतली हवा आणि कुजलेल्या भागाचा वायू निघतो, जास्त तापमानाला आतल्या खणखणीत खनिजाचा. लागोपाठच्या टप्प्यांत एकच वय आलं तर त्याला ‘प्लेटो’ म्हणतात, म्हणजे पठार. दख्खनच्या पठाराचं वय सांगणाऱ्या आलेखातही पठारच शोधायचं, हा योगायोग मला आवडतो.

१९८८ मध्ये ओरेगनचे डंकन आणि पाइल यांनी, तसंच फ्रान्सच्या कूर्तिलो यांच्या गटाने सह्याद्रीतल्या नमुन्यांची वयं ‘नेचर’मध्ये छापली. तीन ते आठ कोटींचा पसारा एका झटक्यात आकसला आणि आकडा साडेसहा-पावणेसात कोटींभोवती स्थिरावला. भारतात अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत वेंकटेशन, कांचन पांडे आणि गोपालन यांनी महाबळेश्वरच्या घाटातल्या थरांवर काम केलं. त्यासाठी नमुने तुर्भ्याच्या अणुभट्टीत भाजून घेतले जात. १९९३ च्या त्यांच्या लेखाचं म्हणणं होतं की मुख्य उद्रेक डायनोसॉर संपण्याच्या आधीच झाला. पुढे पांडे यांनी पवईच्या आयआयटीत याच पद्धतीची राष्ट्रीय सुविधा उभी केली. हेतू शेठ यांच्याबरोबर २००१ मध्ये त्यांनी मुंबईच्या मनोरी आणि साकीनाका भागातल्या ट्रॅकाइट खडकाचं वय सुमारे ६ ते ६.२ कोटी वर्षं काढलं. म्हणजे मुख्य लोट थांबल्यानंतरही मुंबईच्या बाजूला धग शिल्लक होती.

अमेरिकेत लुईझियानातले अजय बक्षी यांनी मात्र सगळ्यांच्याच आकड्यांवर बोट ठेवलं. ताज्या, न कुजलेल्या बेसाल्टमध्ये आर्गॉन-३६ अगदी कमी असायला हवा. तो जास्त दिसला तर दगडाने पाणी आणि हवा पिऊन घेतली आहे, मग पठार कितीही सुबक दिसो. ज्या ३६ ला सगळे वजाबाकीपुरता वापरत होते, त्यालाच त्यांनी साक्षीला उभं केलं. छापलेली बरीच वयं या कसोटीला उतरत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते पुष्कळांना बोचलं, पण त्यानंतर नमुना निवडताना लोक जास्त चोखंदळ झाले हे खरं.

२००९ मध्ये गोष्ट पुन्हा छिंदवाडा जिल्ह्यात आली. प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर, सुनील बाजपेयी, नागपूरचे धनंजय मोहबे आणि इतरांनी झिलमिली इथल्या लाव्हांमधल्या थरात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं दाखवली. हे जीव डायनोसॉर संपल्यानंतर लगेचच्या काळातले. म्हणजे मध्य भारताच्या पोटात तेव्हा समुद्राचा एक फाटा शिरला होता आणि खालचा-वरचा लाव्हा क्रेटेशस संपण्याच्या सीमेच्या दोन्ही बाजूंना होता. निपाची खाडीकाठची फळं सौंसर-मोहगावच्या दगडांत का मिळतात, याचाही खुलासा यात सापडतो. केलर यांच्या त्या लेखाच्या लेखकांतले अशोक साहनी हे बीरबल साहनींचे पुतणे.

शेवटचा टप्पा पुन्हा शिशाचा. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोन यांनी लाव्हांमधल्या थरांत मिळालेल्या झिरकॉनच्या कणांतून युरेनियम-शिसे वयं काढली. त्यात शिसं ग्रॅमच्या एक लक्ष कोटीव्या भागाच्या हिशेबात मोजायचं असतं, त्यामुळे पॅटरसनच्या गाळलेल्या खोलीशिवाय हे काम होऊच शकत नाही. त्याच वेळी बर्कलीचा गट आर्गॉनने तेच थर मोजत होता. दोन्ही लेख फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात आले. सह्याद्रीतला मुख्य लाव्हा सुमारे ६ कोटी ६३ लाख वर्षांपूर्वी सुरू झाला आणि दहा लाख वर्षांच्या आसपास संपला, यावर दोघांचं एकमत. शोन म्हणतात मोठा लोट विनाशाच्या थोडा आधी आला. बर्कलीवाले म्हणतात बहुतेक लाव्हा नंतर आला. साठ लाख वर्षांची चूक जिथे मामुली होती, तिथे आता भांडण काही दहा हजार वर्षांच्या फरकावरून चालतं.

मग हिस्लॉप आणि साहनी बरोबर होते का? नाही. इओसीन सुरू होतं ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी; तोवर सह्याद्रीतले मोठे लोट केव्हाच थंडावले होते. उलट बाजूचे सगळा लाव्हा क्रेटेशसचाच म्हणत होते, तेही अर्धेच बरोबर. सीमा लाव्हाच्या मधूनच जाते आणि झिलमिलीत ती हाताने दाखवता येते. साहनींचा काळ चुकला, पण त्यांनी आणि रोड्यांनी वर्णन केलेली फळं, नेचे आणि बिया आजही त्याच नावांनी अभ्यासल्या जातात.

नागपूरची टाकळी शहराने गिळली. सौंसर, मोहगाव, झिलमिलीकडचे थर अजून शेतांच्या बांधांवर आणि नाल्यांच्या काठावर उघडे आहेत, तर काही ठिकाणी तेच दगड गिट्टीत जातात. नांगरताना किंवा विहीर खणताना काळ्या दगडांच्या मध्ये पांढरट, चकमकीसारखा कठीण थर लागला आणि त्यात लाकूड, बी किंवा गोगलगाय दिसली, तर तो फोडून वाटून घेऊ नये. जागेवर खूण करावी, फोटो काढावा आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवावं. आर्गॉन आणि शिशाची यंत्रं आता तयार आहेत. त्यांना न कुजलेला, नेमक्या थरातला आणि कुठून काढला ते नक्की माहीत असलेला दगड हवा आहे.